पखुर्ड्या पाण्यावर आल्या होत्या

आधीच सांगते, मी देवाला हात जोडते तेही आईला बरं वाटावं म्हणून. भूत, भास, संकेत... यातलं काहीच मला कधी पटलेलं नाही. माझं काम वन्यजीवांच्या अभ्यासाचं. कुठला पक्षी कुठे आढळतो, कुठून नाहीसा झाला, याचे नकाशे करायचे. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तरच नोंद. त्यामुळे हे लिहिताना फार अवघडल्यासारखं होतंय.

पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पुढे ऊस संपला की तेव्हा मुरमाड माळ लागायचा. मी आणि संघमित्रा – अमरावतीहून पुण्यात एमएस्सीला आलेली माझी मैत्रीण, आम्ही तिला मित्रा म्हणायचो – दोघींनी काही हिवाळे तिथे सर्व्हे केला. माळाच्या मधोमध एक उथळ तळं होतं. ऊन जरा वर आलं की पखुर्ड्या तिथे पाणी प्यायला यायच्या. कबुतराएवढा मातकट पक्षी, जमिनीवर बसला की दिसतच नाही. आधी दुरून त्यांचा दोन सुरांचा गुरगुरता आवाज, मग थवा. मला काही ऐकू यायच्या आत मित्रा म्हणायची, "आल्या बघ."

हा पाणवठा राखा, असा अहवाल आम्ही दिला. कुणी वाचला की नाही, देव जाणे. आयटीचे दिवस होते. तळं बुजवलं, तिथे काचेची इमारत उभी राहिली. मित्राला आमच्या क्षेत्रात कायमची नोकरी काही मिळेना. शेवटी तिने सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला आणि नोकरी लागली ती नेमकी त्याच इमारतीत. फोनवर सांगताना हसली होती. हसणं काही खरं नव्हतं.

काही महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला. "अगं, एकदा सकाळी माझ्या ऑफिसात ये. मी वेडी झालेय का, तेवढं सांग." मॅनेजरने तिला डॉक्टरांना भेटायचा सल्ला दिला होता म्हणे.

"पण झालंय काय?"

"आधी सांगितलं तर तुला तेच ऐकू येईल. नुसती ये."

मी सदाशिव पेठेतून स्कूटरवर गेले. तळमजल्यावरच्या ट्रेनिंग रूममध्ये आम्ही दोघीच. न उघडणाऱ्या खिडक्या, एसी चालू, जमिनीवर करडा गालिचा. कॉफी घेत तिच्या भावाच्या लग्नाबद्दल बोलत होतो... आणि काचेपलीकडून तो आवाज आला.

मी उठून काचेपाशी गेले. बाहेर पार्किंग, वर रिकामं आकाश. आवाज जवळ आला, पण काचेपाशी थांबला नाही. आत आला! डोक्यावरून फिरला, पंखांचा वारा गालाला लागला, आणि खोलीच्या मधोमध खाली उतरला. मग शांत. दिसत काहीच नव्हतं.

थोड्या वेळाने गालिच्यावर ओले डाग उमटायला लागले. तळहाताएवढे, एकाशेजारी एक, तळ्याच्या काठासारख्या वाकड्या ओळीत. मी हात लावून पाहिला. गार पाणी, आणि बोटांना मुरमाची तांबूस माती.

मित्रा माझ्याकडेच बघत होती. घाबरली की ती घरच्या बोलीत बोलायची. "तुले आलं का ऐकू? खरं सांग मले."

"पखुर्ड्या," मी म्हटलं. "आल्या."

ती हमसून हमसून रडायला लागली. "वेड लागलं असतं तर बरं होतं गं. औषध तरी घेतलं असतं."

तेवढ्यात देखभाल बघणारे गृहस्थ डोकावले. डाग पाहून म्हणाले, "झालं का आजचं? अहो, एसीवाला म्हणतो, इथून पाइपच जात नाही. म्हणजे गालिच्यालाच घाम येत असणार."

मित्राने लवकरच नोकरी सोडली. आता अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते. तिच्यासारखा कान मी पुन्हा कुणाकडे पाहिला नाही. त्या कानाला माळ मिळाला नाही, याची हळहळ जात नाही. त्या भागात मी पुढे पुष्कळ फिरले. पखुर्डी एकही नाही. त्या खोलीत आता सर्व्हर आहेत, बाहेरच्यांना सोडत नाहीत.

मध्यंतरी मी तिला फोनवर माझे सगळे तर्क ऐकवले – जमिनीतली जुनी ओल, काचेमुळे फसवणारा आवाज, आमच्या दोघींच्या मनातली रुखरुख. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते असू दे," ती म्हणाली. "नर पाण्यात पोट भिजवून घेतो. पिल्लांना पाजायला पिसांतून पाणी नेतो. आपण पाहिलंय ना?"

"हो."

"मग तिथून भरून घेतलेलं पाणी ते नेतात कुठे? पिल्लं कुठेयत गं?"

नकाशे करण्यात माझं आयुष्य गेलं. ती जागा माझ्या एकाही नकाशावर नाही.