मावशीचं हसू पाण्याखाली

माझी मावशी डायव्हिंगचे रबरी सूट दुरुस्त करते. गुडघ्याला ठिगळ, काखेत टाके, अडकलेली चेन. बंदरामागच्या गल्लीत तिचं दुकान, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारं तिचं हसू. गिऱ्हाईकं प्रवाळातल्या गमती सांगतात आणि मावशी मशीन थांबवून पोट धरते. पण एक गोष्ट तिला काही केल्या पटेना. पोपटमासा म्हणे रात्री स्वतःच्याच शेंबडाची मच्छरदाणी करून आत झोपतो!

"हे बघितल्याशिवाय मी मरायची नाही," तिनं जाहीर केलं.

बुडी मारायला नेणारा तिचा जावईच. शिकून झालं, पोहणं आधीपासूनच पक्कं, अडचण एकच. हसलं की गाल वर चढतात, आणि मास्कमध्ये पाणी शिरतं.

"आई, दोनदा शिरलं तर नाकानं फुंकून काढा. तिसऱ्यांदा शिरलं की मुकाट्यानं वर."

"मासा दिसला नाही तरी?"

"तरी."

"मग आत्ताच हसून घेते," म्हणत ती होडीभर खिदळली.

खाली टॉर्चच्या उजेडात आधी भेटला खेकडा. पाठीवर स्पंजचे तुकडे, शेवाळाची झालर. स्वतःच स्वतःला ठिगळं लावलेला. धंद्यातलाच माणूस म्हणून मावशीनं त्याला हात जोडले, आणि मास्क भरला. पुढं उजेड पडताच एक ऑक्टोपस पांढराफटक पडला, डब्यातला लाडू चोरताना सापडल्यासारखा. पुन्हा मास्क भरला. आता मावशीनं तोंडातली नळी दातांत गच्च आवळली.

आणि कपारीत तो! पारदर्शक पिशवीत गाढ झोपलेला, तोंड अर्धं उघडं, पुढचे दात बाहेर. रविवारी जेवून सोफ्यावर पसरलेले जावईबापू, हुबेहूब!

मावशी हसली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण हसली नाही. तिनं टॉर्च माशावर धरला, मग जावयावर, मग तळहात गालाखाली घेऊन मान कलती केली. जावयानं वळून माशाकडं बघितलं. मग बुडबुड्यांचा नुसता धबधबा, आणि मास्क त्याचाच भरला! मावशीनं त्याच्या नाकासमोर एक बोट नाचवलं: तुमचं पहिलं! आणि मग तिनंही स्वतःला मोकळं सोडलं.

मासा मात्र ढिम्म हलला नाही.

दोघं वर आली ती खोकत, हसत. होडीतून हात देत मी विचारलं, "मावशे, दिसला का गं?"

"दिसला की! एक झोपलाय खाली, अन् एक मला वर घेऊन आला."