जयाच्या ऑटोची मागची सीट

मारेगावची जया मत्ते कोणाला भीत नाही, असं तिच्या माहेरचे लोक अजूनही अभिमानानं सांगतात. घरात साप निघाला तर बाकीचे खाटेवर चढतात, जया काठी शोधते. एका कचेरीत बाबूनं तिला तिसऱ्यांदा "उद्या या" म्हटलं, तेव्हा तिनं त्याच्या टेबलासमोर फतकल मारली, डबा उघडला आणि शांतपणे जेवायला बसली. झुणक्याचा वास सगळ्या कचेरीभर पसरला. काम त्याच दिवशी झालं.

अशा बाईला एकाच गोष्टीनं घाम फुटायचा, ती म्हणजे पाठीमागून येणारा टिप्पर.

ऑटो मुळात तिच्या नवऱ्याचा, कपिलचा. त्याला खाणीच्या गेटवर पहारेकऱ्याचं काम मिळालं आणि ऑटो अंगणात उभा राहिला. महिनाभरात कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. ते पाहून जया कपिलला म्हणाली, "कोंबड्यायच्या कामी पडते, त मले काहून नाही?" पंधरा दिवसांत ती चालवायला शिकली, दोन महिन्यांत लायसन आणि बॅज घेऊन आली. दसऱ्यानंतर कापूस फुटला, तशी तिला रोजची सवारीही मिळाली. वेचणीच्या सहा बाया सकाळी मारेगावात घ्यायच्या आणि वणीच्या रस्त्यावर बारा किलोमीटरवर सदाशिवरावांच्या वावरात सोडायच्या. बाया तिला 'ड्रायव्हरबाई' म्हणायच्या आणि ते ऐकून जया आतून फुलून यायची. उगाच कशाला खोटं सांगा, आयुष्यात तिला इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.

पण रस्ता चौपदरी आणि त्यावर दिवसरात्र कोळशाचे टिप्पर. भरलेले जातात, रिकामे येतात, आणि रिकाम्यांना फार घाई असते. मागून भोंगा वाजला की जया आरशात पाहायची. आरशात फक्त एक लोखंडी जबडा दिसायचा. तो मोठा होत होत पार आरसाभर व्हायचा, आणि मग जयाचे हात आपोआप डावीकडे वळायचे. ऑटो डांबरावरून खाली मातीत उतरायचा. टिप्पर गेला की वर. पुढचा आला की पुन्हा खाली. अर्ध्या तासाच्या वाटेला एक तास लागायचा, आणि बाया उतरायच्या त्या कंबर धरूनच.

सदाशिवराव वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घड्याळ बघत उभे असायचे. माणूस वाईट नव्हता, पण वेचणीच्या दिवसांत कास्तकाराची श्रद्धा देवापेक्षा घड्याळावर जास्त असते. दहा दिवस त्यांनी दम धरला. अकराव्या दिवशी म्हणाले, "जया, पाह्य बाई, ऊन चढल्यावर येचणं होत नाही. सोमवारपासून टाइमावर आल्या त ठीक. नाही त मी दुसऱ्या बाया पाहीन. रागाऊ नको."

जयाला राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. आपल्या भित्रेपणापायी सहा जणींच्या पोटावर पाय यायचा, हे तिला सोसवेना. घरी येऊन तिनं कपिलला सांगितलं, "ऑटो विकून टाक. येईन कोणी चालवणारा, नेईन बायायले टाइमावर." कपिलनं समजावून पाहिलं, मग पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला आणि बोटभर जाड मार्करनं त्यावर 'विकणे आहे' असं लिहिलं. अक्षर हौसेनं मोठं काढलं. इतकं मोठं की मोबाइल नंबरला जागाच उरली नाही. तो त्यानं खालच्या कडेला मुंग्यांच्या रांगेसारखा कसाबसा बसवला आणि पुठ्ठा ऑटोच्या मागं बांधून दिला.

आता यातली गोम त्या दोघांनाही कळली नाही. मागून येणाऱ्यांच्या भीतीनं ऑटो विकायला काढला, आणि नंबर असा लिहिला की वाचायचा तर मागून अगदी अंगावर यावं लागावं!

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली धनीबाईच्या. धनीबाई त्या सहा बायांमध्ये वयानं मोठी, साठीची. मागच्या सीटवर तीन बाया मागं तोंड करून बसतात. त्यात मधली जागा तिची. तोंड मागं असल्यानं मागचा सगळा रस्ता तिच्या मालकीचा होता. गुरुवारपासून एक निळा टिप्पर त्यांच्या पाठीला लागला होता. इतर टिप्पर भोंगा वाजवून निघून जात. हा जात नव्हता. सहा-सात हातांवर यायचा, थांबायचा, पुन्हा जवळ यायचा. आत बसलेला माणूस मान पुढं काढून डोळे बारीक करून पाहायचा.

"अवं जये," धनीबाई ओरडली, "हा तुह्या पुठ्ठ्याचा अभ्यास करून राह्यला वो!"

जयाला ऐकूच आलं नाही. तिनं आरशात जबडा पाहिला होता आणि ऑटो मातीत घातला होता.

शनिवारी फोन वाजला. जया चालवताना फोन धनीबाईच्या ओटीत असायचा. धनीबाईनं उचलला.

"हालो, ऑटो विकाले हाय का?"

"हाय. कोण बोलते?"

"मी तुमच्या मांगंच हावो."

धनीबाईनं मान वर केली. निळ्या टिप्परच्या काचेमागं एक माणूस कानाला फोन लावून तिच्याकडंच पाहत होता. मग धनीबाईचा पारा चढला.

"आधी फोन ठेव. मंग ब्रेकवर पाय ठेव. अंगावर येऊन सौदा करतं काय रे, मुडद्या? गाडी बाजूले लाव आन मंग बोल!"

टिप्पर मागं पडला, डावीकडं उभा राहिला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला, आवाज एकदम गरीब. "लावली, याडी, बाजूले. आता बोलू का?"

त्याचं नाव पूनमसिंग. पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचा, म्हणून मोठ्या बाईला 'याडी', म्हणजे आई, म्हणणारा; आठ वर्षांपासून वणीला टिप्पर चालवत होता. तीन दिवस मागं का लागला होता, तेही त्यानं सांगून टाकलं. "सहा आकडे लागले, सातवा समजेच ना. नऊ हाय का एक? एक लावून पाह्यला त कोण्या मास्तरनं उचलला. त्याले वाटलं मी त्याची सायकल मांगून राह्यलो. म्हणून म्हटलं, अजून जरासं जवळून पाहावं." हे ऐकून मागच्या तिघी इतक्या हसल्या की ऑटो हलला, आणि टायर फुटलं समजून जयानं तो उभाच केला.

पूनमसिंगला सुट्टी सोमवारी होती. सोमवार म्हणजे सदाशिवरावांनी दिलेला दिवस. मग ठरलं असं, की सकाळी तो मारेगावला येईल, ऑटो स्वतः चालवून पाहील, बायाही त्यातच जातील. वेळेवर पोचलो तर काम टिकेल आणि गिऱ्हाईकही पटेल. जया हो म्हणाली. रविवारी तिनं ऑटो धुतला, सीटवरची धूळ झटकली, आणि पुसता पुसता तिला रडू आलं. बैल विकायच्या आदल्या दिवशी माणूस त्याला अंघोळ घालतो, तसं काहीसं ते होतं.

सोमवारी पूनमसिंग धुतलेला शर्ट घालून हजर झाला. "रामरामी, याडी," असं धनीबाईला म्हणून त्यानं हँडल हातात घेतलं. आणि आता मोठीच अडचण उभी राहिली: जयानं बसायचं कुठं? धनीबाई सरकली. दोघींच्या मधली जागा तिनं थोपटली. "ये. आज तू सवारी."

स्वतःच्या ऑटोच्या मागच्या सीटवर जया आयुष्यात पहिल्यांदा बसली.

तिथून रस्ता भलताच वेगळा दिसत होता. झाडं पुढून येत नव्हती, मागं मागं पळत होती. मारेगाव लहान होत गेलं. आणि दोन-तीन किलोमीटरवर तो आला. रिकामा, खडखडत, भोंगा वाजवत. जयानं दोन्ही हातांनी दांडा धरला. आता आरसाही मध्ये नव्हता. जबडा सरळ समोर होता, आणि ऑटो मातीत उतरत नव्हता.

"अवं, तिथं काय पाह्यतं?" धनीबाई म्हणाली. "वर पाह्य. काचीत."

जयानं वर पाहिलं.

तिथं एक माणूस होता. पंचविशीतला, गळ्यात पंचा, डोळे लाल. तो जांभई देत होता. इतकी मोठी जांभई, की पडजीभ दिसावी. समोरच्या आरशाला लोकरीची एक इवलीशी टोपी टांगलेली होती, तान्ह्या लेकराची असते तशी.

"रातभर झोपला नाही," शेजारची बाई म्हणाली.

"नवं लगन असंन."

"नाही वं, लगन जुनं हाय, पोरगं नवं हाय. टोपी पाह्य ना," धनीबाईनं निकाल दिला.

जया बघतच राहिली. इतके दिवस ती ज्याला भीत होती, तो हा होता! लेकरानं रात्रभर जागवलेला एक बाप. काय करतोय हे कळायच्या आत तिचे हात दांड्यावरून सुटले, जुळले आणि कपाळाशी गेले. राम राम!

तो पोरगा पार गोंधळला. कोणी राम राम घातला तर तो घ्यावाच लागतो, ते आपल्याकडच्या माणसाच्या हाडातच असतं. त्यानं जांभई अर्ध्यावर गिळली, एक हात कपाळाशी नेला, आणि हात वर गेला तसा पाय ॲक्सिलेटरवरून सैल झाला. टिप्पर दहा हात मागं पडला. मग तो हसला. मागच्या तिघीही हसल्या. हसल्यावर काही कोणाच्या अंगावर जाता येत नाही. थोड्या वेळानं उजवी बाजू मोकळी बघून तो सावकाश निघून गेला.

वावराशी पोचल्या तेव्हा धुऱ्यावर कोणीच नव्हतं. दहा मिनिटांनी सदाशिवराव लगबगीनं आले, दुपट्टा अजून हातातच. त्या दिवशी उशीर त्यांना झाला होता, आणि बायांनी तो त्यांना दिवसभर पुरेल इतका ऐकवला.

बाया ओटी बांधून कपाशीच्या ओळींत, तासांत शिरल्या. पूनमसिंगनं ऑटोभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली.

"गाडी चांगली हाय, बाई. मले त वाटे हँडल खराब असंन. तीन दिवस पाह्यलं, नागिणीसारखी चाले. आज हातात घेतली त एकदम सरळ."

"हँडल बरं होतं, भाऊ," जया म्हणाली. "मीच भेत होतो."

"कायले?"

"तुमालेच."

पूनमसिंग आधी हसला. मग तो गंभीर झाला. "आता माहं ऐक. अंगावर येणं आमचंच चुकते, मी कबूल करतो. पण तू खाली उतरतं, वर येतं, पुन्हा उतरतं. मंग आमाले समजत नाही तुले काढावं कुठून. तू डाव्या पट्ट्यानं एका चालीनं चाल. भोंग्यानं हालू नको, एकदम ब्रेक मारू नको. उजवी बाजू रिकामी हाय ना? आम्ही जातो तिकून निघून. घाई आमाले हाय, तुले नाही."

जयानं वावराकडं पाहिलं. धनीबाईचं लुगडं पांढऱ्या तासांमध्ये पुढं सरकत होतं. इथवर ऑटो एकदाही मातीत उतरला नव्हता आणि काही बिघडलंही नव्हतं. तिला स्वतःचा थोडा राग आला, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

"मंग बोला, बाई," पूनमसिंग म्हणाला. "काय ठरवाचं?"

"मी विकत नाही."

पूनमसिंगचं तोंड उतरलं. ऑटो त्याला बायकोसाठी हवा होता; जमनी तिचं नाव. ती चालवीन म्हणत होती आणि त्यानं तिला शब्द दिला होता. आता घरी जाऊन काय सांगणार?

"तिले सांगा, जया मत्तेनं बलावलं," जया म्हणाली. "माह्या ऑटोवर शिकू द्या तिले. तोवर तिच्याजोगा दुसरा पाहू. आन या खेपी नंबर मोठ्या अक्षरात लिवणाऱ्याचा पाहू."

पूनमसिंगनं डोकं खाजवलं, मग स्वतःच पुढं झाला, मागचा पुठ्ठा सोडला आणि घडी करून सीटखाली सारला. "जमनी लय भांडखोर हाय, आधीच सांगून ठेवतो."

"मंग लवकर शिकंन."

त्याला वणीला सोडायला जया निघाली. ती पुढं, तो मागच्या सीटवर, मागं तोंड करून, एकटाच. दोन किलोमीटरवर भोंगा वाजला. आरशात जबडा दिसला. जयाचे हात सवयीनं डावीकडं निघाले. तिनं ते धरून ठेवले. भीती काही एका दिवसात जाणार नव्हती. ऑटो मात्र डाव्या पट्ट्यात सरळ चालत राहिला.

"बाई, आमच्यातलाच हाय," पूनमसिंग मागून ओरडला. "लय घाईत दिसते!"

"घाई हाय त जाऊ द्या त्याले!" जया ओरडली. "मी चाललो आपली!"

टिप्पर उजवीकडून खडखडत निघाला. जाता जाता ड्रायव्हरनं खिडकीतून हात वर केला. पूनमसिंगला केला की जयाला, देव जाणे. जयानं तो आपल्यालाच केला असं धरलं आणि आपलाही हात वर केला. मग पुढं रस्ता रिकामा, दोन्हीकडं फुटलेला कापूस, आणि जयाला इतका आनंद झाला, इतका झाला, की समोर चिटपाखरू नसताना तिनं हॉर्नवर अंगठा दाबला आणि चांगला लांबलचक वाजवला.

"आता कोणाले?" मागून पूनमसिंगनं विचारलं.

"कोणाले नाही," जया म्हणाली. "असाच!"