कोपीतला खोकला

लढाईच्या दिवसांत मी कालव्याच्या मोजणीवर होतो. देवळाली प्रवराच्या पुढे, नुकत्याच फोडलेल्या माळावर गवतानं शाकारलेली एकच कोपी दिसत होती. भर दुपारी तिथं पाणी मागायला गेलो, तर एक बाई विळा घेऊन दारात उभी राहिली. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. मी लांबच थांबलो.

“आमी तिसगावाकडचं. हितं नवं हाय,” ती म्हणाली आणि मागं न वळताच तिनं मोठ्यानं विचारलं, “अवं, पाव्हण्याला पानी देऊ का?”

आतून घोगरा, पुरुषी खोकला आला.

एका हातात विळा तसाच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं माझ्या ओंजळीत तांब्या ओतला. तेवढ्यात वारा सुटला. तिचा पदर सरकला. कपाळावर कुंकू नव्हतं. दाराचं तरटही उडालं. आत एक म्हातारी, बहुधा तिची सासू, डोक्याला पागोटं गुंडाळून तोंडावर मूठ धरून खोकत होती. तिला चिकटून दोन पोरी गप्प बसल्या होत्या.

मी पाहिलं हे बाईनं पाहिलं. विळ्यावरची मूठ आवळली. भीती मलाही वाटली, पण तिची रोजची होती.

“येतो मालक,” मी तरटाकडे बघून म्हणालो.

“पुन्यांदा आलात तर लांबनंच हाक मारा,” ती म्हणाली. “मालक रातचं झोपत न्हाईत.”

कालव्यावर बाभळीखाली दोघे बसले होते. एकानं विडी विझवत विचारलं, “त्या कोपीत बाई एकलीच हाय ना?”

“नवरा आहे की,” मी म्हणालो. “रात्रीचा झोपत नाही तो.”