पाऊण भाकरीतली दीड

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजात जिल्हा परिषदेच्या गणित शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुलांना समजलं की नाही हे घटक चाचणीपर्यंत न थांबता, पाठ चालू असतानाच कसं बघायचं, असा विषय होता. शाळांना सुट्ट्या होत्या. त्यामुळे नमुना पाठासाठी आमच्या कॉलेजच्या मॅडमनी आम्हा आठ जणींनाच सहावीच्या मुली करून पुढच्या बाकांवर बसवलं.

प्रत्येकीला एक चिठ्ठी मिळाली. कुणाला 'मुद्दाम चूक', कुणाला 'शेजारणीचं बघून लिही'. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'हुशार विद्यार्थिनी. बरोबर उत्तर दे.' खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. फर्दापूरला वडील आत्तापासूनच मला मास्तरीणबाई म्हणतात. बी.एस्सी.ला गणितात मार्कही चांगले होते.

पाठ घ्यायला अजिंठ्याकडचे एक गुरुजी उभे राहिले. निवृत्तीला आलेले, आवाज हळू. फळ्यावर त्यांनी पाऊण भाकरी काढली आणि विचारलं, "ह्यात अर्धी भाकरी किती वेळा बसंल? पाटीवर लिहा. नुसता आकडा नको, कशाचे किती ते लिहा."

पाऊण भागिले अर्धा. खालचा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. दीड. एवढं मला झोपेतही आलं असतं. मी लिहिलं, 'दीड भाकरी', आणि पाटी वर केली.

मागं हशा पिकला. एक शिक्षक म्हणाले, "पाऊण भाकरीची दीड करती? अशी सून पाहा राव आमच्या घरी. राशन पुरंल."

"पोरगी अ‍ॅक्टिंग लई भारी करती," दुसरे म्हणाले. मॅडमही हसून मान डोलावत होत्या.

मीही हसले. पण पाटीकडं पाहिलं तर मला चूक सापडेना. पाऊण भाकरीतून दीड भाकरी निघत नाही, हे कळत होतं. मग दीड आलं ते कशाचं? इतकी वर्षं मी ते उलटं करून गुणत आले होते आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पाठ संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता एकेकीनं आपली चिठ्ठी वाचा. गुरुजींना कोण ओळखू आलं ते बघू."

माझा नंबर पाचवा होता. शेजारची 'मुद्दाम चूक' असं वाचून खाली बसली. मीही तेच म्हणू शकले असते. चिठ्ठी माझ्याच मुठीत होती, कुणी तपासणार नव्हतं. खरं वाचलं तर उद्या गणित शिकवायला निघालेल्या बाईला सहावीचं येत नाही, हे चाळीस शिक्षकांसमोर उघडं पडणार होतं. मी उभी राहिले.

"हुशार विद्यार्थिनी. बरोबर उत्तर दे," मी वाचलं. "सर, ते 'दीड भाकरी' मी बरोबर समजूनच लिहिलं होतं."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी पुसायला घेतलेलं डस्टर खाली ठेवलं.

"मग माझा पाठ संपलाच नाय," ते म्हणाले. "ये पोरी."

कागदाची गोल भाकरी करून त्यांनी तिचे तीन चतकोर माझ्या हातात दिले. "ह्यातली अर्धी बाजूला काढ."

मी दोन चतकोर बाजूला ठेवले. हातात एक राहिला.

"हा त्या अर्धीचा किती?"

"अर्धीचा... अर्धा." आणि मग मला ते दिसलं. एक पूर्ण अर्धी, वर अर्धीची अर्धी. "दीड अर्ध्या आहेत, सर. भाकरी नाहीत."

'समजलं का' असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "आता तू मला असंच एक गणित घाल."

मी हातातल्या चतकोराकडं पाहिलं. "अर्ध्या भाकरीत चतकोर भाकरी किती वेळा बसेल?"

गुरुजींनी ते फळ्यावर लिहिलं, पण उत्तर दिलं नाही. सभागृहाकडं वळून म्हणाले, "सगळ्यांनी कागदावर लिहा. कशाचे किती, तेही लिहा."

ते बाकांमधून फिरत कागद बघू लागले. बऱ्याच कागदांवर नुसता 'दोन' होता. एकावर 'दोन भाकऱ्या' होत्या. कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं, तसे गुरुजी म्हणाले, "जेवण थोडं पुढं जाऊ द्या मॅडम." आणि कागदाचे तुकडे घेऊन ते पहिल्या रांगेत बसले. जेवायला वीस मिनिटं उशीर झाला. कुणी कुरकुर केली नाही, निदान मला तरी ऐकू आली नाही.