साहेबाचं सामान आणि आबांची आगारी

आमच्या गावातला सर्वांत आज्ञाधारक प्राणी कोण, असं विचाराल तर सगळ्या बैलजोड्या बाजूला ठेवून मी माझ्या थोरल्या चुलतभावाचं नाव घेईन. भाऊ फौजेत शिपाई आहे. सुट्टीवर धुळ्याला उतरला की एसटीच्या कंडक्टरलाही ‘जी साब’ म्हणतो. लग्नघरी गेला तर मांडवाबाहेरच्या चपला उंचीप्रमाणे रांगेत लावतो. मग अख्खं वऱ्हाड अनवाणी आपापली जोडी हुडकत फिरतं आणि त्याला शिव्या देतं. पारावरची पोरं विचारतात, “भो, सीमावर काय मारं?” भाऊ गंभीरपणे सांगतो, “मच्छर.” सीमा कसली घेऊन बसलात! बंदूक चालवायला शिकलेल्या या माणसाची नेमणूक फौजेतल्या साहेबाच्या बंगल्यावर, हातात साहेबाच्या कुत्र्याची साखळी. बाईसाहेबांची भाजी, मुलांचे बूट, कुंड्यांना पाणी. याला देशसेवा म्हणायचं, आणि आपण चौकात फलक लावून सलाम ठोकायचे! मी पत्रकं छापतो, सभा घेतो. “भाऊ, एकदा तरी बोल ना,” म्हटलं की तो हसतो. “नेता, मी बोलनू ते शे ती सुट्टी बी जाई.”

न बोलताही गेलीच. हिवाळ्यात त्याचे वडील, आमचे आबा, वारले. भाऊ पोचला तेव्हा चिता थंड झाली होती. म्हणून आबांच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी असायचं, त्यांच्या नावानं घागर भरायची, निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकून आगारी द्यायची, धूर निघाला की पितर जेवले असं समजायचं, एवढाच त्याचा हट्ट होता. सुट्टी मंजूर झाली. तेवढ्यात साहेबाची बदली आली. सामान बांधायला माणूस हवा, म्हणून सुट्टी रद्द.

मी तिरीमिरीत पत्रक लिहायला बसलो, तर भाऊचाच फोन. “पत्रक लिखत व्हशी, ते फाडी टाक. आगारी तू टाक. मी आठेन फोनवर देखस.”

असल्या विधींवर मी सभांतून भरपूर तोंडसुख घेतलेलं. तरी चुलीपुढं बसलो. वहिनीनं मोबाईल धरला. पडद्यावर खोक्यांच्या थप्पीपुढं भाऊ ताठ उभा, हातात चिकटपट्टी. मी घास ठेवला, वर तूप सोडलं.

“धूर निंघना का रे?”

“निंघना, भाऊ.”

“मंग जेवनात आबा,” तो म्हणाला. पण फोन काही ठेवेना. धूर विरायला लागला, तसा मी आणखी एक घास टाकला. मग आणखी एक.