साडूभाऊ आणि डुकराच्या टी-पेशी

डुकराविषयी इतक्या मायेने बोलणारा माणूस अख्ख्या अकोल्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला! पशुवैद्यकाचे प्राध्यापक. डुकराच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी फौज, पाहण्यात सारी हयात गेली. आम्ही अमरावतीहून गेलो की चहाच्या आधी पेशी येतात. एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना त्यातल्याच गॅमा-डेल्टा नावाच्या पेशींवर घसरले. "माणसाच्या रक्तात ह्या मूठभर, अन् डुकराच्या पिल्लात पाहा, नुसती जत्रा!" न्हावी बिचारा वस्तरा धरून उभा.

म्हणून त्यांच्या मुलीला पाहायला दर्यापूरचे पाहुणे येणार होते तेव्हा मेव्हणीने दम भरला, "पोरीले पोरगा पसंत हाय. आज डुकराचं नाव काढसान तर पाहा!" पोरीने तर हातच जोडले. साडूभाऊंनी खाली मान घालून निमूट पोहे खाल्ले. तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "औंदा रानडुकरानं हरभऱ्याचा पार सत्यानाश केला जी."

झालं! साडूभाऊ खुर्चीत पुढे सरकले. मदतनीस पेशी बाकीच्यांना हाक मारून कामाला कशा लावतात, मारक पेशी बिघडलेली पेशी हुडकून कशी संपवतात, आणि मारामारी हाताबाहेर चालली की नियामक पेशी कसं आवरतं घ्यायला लावतात, सगळं आलं. वर मुलाच्या आईकडे वळून, अत्यंत आदराने, "ताई, तुमी आल्यापासून पाहून राहिलो, एका नजरेत खोट हुडकता. तुमी अगदी मारक पेशी!" मेव्हणीने कपाळाला हात लावला. दाराआड पोर रडकुंडीला आली. बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "अन् हे?"

"हे नियामक. तुमाले आवरणारे."

"हे? मले?" बाई पदर तोंडाला लावून जे हसत सुटल्या, ते लग्न ठरल्यावरच थांबल्या.

आता वर्ष झालं. पोर रोज संध्याकाळी फोन करते. तू सुखात आहेस ना, एवढं साडूभाऊंना विचारवत नाही. ते पेशींचंच सांगत बसतात आणि ती हसून ऐकते. परवा मी तिथेच होतो. त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "भाऊ, रक्ताच्या एका थेंबावरून मी डुकराची सारी तब्येत सांगतो. पण पोरगी खरंच हसते का वरवर हसते, हे मले फोनवर काही समजत नाही."