हातातलं पाऊल

व्हर्ना लिंडक्विस्टला त्या मुलांचा हेवा वाटायचा. एकसष्टाव्या वर्षी ते कबूल करणं जड जायचं, पण वाटायचा. अमेरिकेतल्या डुलूथच्या संशोधन केंद्रात ती चिंतेच्या विकाराने ग्रासलेल्या मुलांकडून मेंदूच्या स्कॅनची तालीम करून घ्यायची. तालमीचं यंत्र म्हणजे नुसतं पोकळ नळकांडं. आत कार्टून चालायचं आणि डोकं हललं की बंद पडायचं. दहा मिनिटं न हलता काढली, तरच खऱ्या यंत्रात जागा.

अशा मुलांच्या मेंदूचे काही भाग आकाराने सरासरीत किंचित वेगळे भरतात, असं केंद्राचे डॉक्टर ब्रँट सांगायचे. एकट्या मुलाचं चित्र पाहून मात्र काही कळत नाही. तरी व्हर्ना जळायचीच. यांची भीती मिलिमीटरमध्ये मोजायला डॉक्टर हजर! तिला लहानपणी शाळेची बस दिसली की उलटी व्हायची, तेव्हा आई एवढंच म्हणायची, "नाटकं पुरे. तोंड धू."

त्या मंगळवारी अकरा वर्षांची मार्नी आली. आधी दोनदा नापास झालेली. ही शेवटची संधी. तिची आई डॅनिएल नळकांड्यापाशी बसली, लेकीचं पाऊल हातात घेऊन. नियमात बसतं ते. पण व्हर्नाच्या पोटात दुखलं.

"बाई, तुम्ही बाहेर बसा. लाडाने पोरं जास्तच हलतात."

डॅनिएल उठून बाहेर गेली. कार्टून सुरू झालं, बंद पडलं. सुरू, बंद. चौथ्यांदा आतून आवाज आला, "मिस व्हर्ना, मी बिघडलेय का?"

व्हर्ना ओशाळली. घाईघाईने तिनेच ते पाऊल धरलं.

"ई, मोज्यातूनही किती गार लागतात हात! भीती वाटली की माझेही असेच होतात."

"थंडी आहे."

"हीटर चालू आहे. तुम्हालाही भीती वाटते?"

"गप्प पड. बोललीस की डोकं हलतं." मग हळूच, "वाटते. थांब, तुझ्या आईला आणते."

बाहेर डॅनिएल कोट चढवून उभीच होती. "नापास ना? जातो आम्ही."

"कुठे जाता? चूक माझी होती. आत या."

डॅनिएलने लेकीचा मोजा काढला आणि उघडं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. कार्टून सलग दहा मिनिटं चाललं. व्हर्नाने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्या पावलाकडे पाहत राहिली, आणि जळत राहिली.